५३-एन क्रमांकाची बाटली

परळच्या हाफकिन संस्थेचं नाव मुंबईकरांना नवीन नाही. पण ज्या वाल्डेमार हाफकिन यांचं नाव तिला दिलंय, त्यांना १९ मृत्यूंचा ठपका घेऊन हा देश सोडावा लागला होता, हे फारसं कुणी सांगत नाही.

हाफकिन मूळचे ओडेसाचे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली होती. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला, मांडवीत माणसं पटापट मरू लागली, आणि सरकारने त्यांना बोलावून घेतलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि व्हरांडा, एवढ्यावर काम सुरू झालं.

लशीसाठी प्लेगचे जंतू भरपूर हवेत. हाफकिन यांनी मांसाचा पातळ रस चंबूत भरला आणि वर चक्क साजूक तुपाचे थेंब सोडले. तरंगणाऱ्या त्या थेंबांना धरून जंतू वाढत आणि वडाच्या पारंब्यांसारखे खाली लोंबत. चंबू हलवला की पारंब्या तुटून तळाशी बसत आणि तुपाखाली नव्या फुटत. काही आठवड्यांनी तो रस तापवून जंतू मारायचे, की लस तयार. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, उतरला. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना दिली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकवाल गावात १०७ जणांना लस टोचली गेली. बाटल्या पाच. त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. एकोणीसही जण एकाच बाटलीचे, क्रमांक ५३-एन. बाकीचे सुखरूप राहिले.

चौकशी आयोगाने बोट परळकडे, म्हणजे लस तयार करणाऱ्या हाफकिन यांच्या प्रयोगशाळेकडे दाखवलं. तिथे लशीत कार्बोलिक आम्ल हे जंतुनाशक घालणं बंद करून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली होती, म्हणजे घाण तिथेच शिरली असणार, असा तर्क. हाफकिन यांना कामावरून दूर केलं गेलं.

मलकवालमध्ये मात्र बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर न धरता कार्बोलिकच्या पाण्यात नुसता बुचकळून वापरला गेला. शेणमातीची जमीन म्हणजे धनुर्वाताच्या बीजाणूंचं घरच. शिवाय लस परळलाच बिघडली असती, तर बंद बाटलीत जंतू आठवडेच्या आठवडे वाढून विष साठलं असतं आणि बूच उघडताच घाण वास आला असता. डॉक्टरांना तसा वास आला नव्हता. साठलेल्या विषाने माणसं लगेच आजारी पडली असती. इथे लक्षणं दिसली सुमारे आठवडाभराने, म्हणजे शरीरात शिरलेल्या मूठभर बीजाणूंना रुजायला लागतो तेवढा वेळ. मला विचाराल तर हा आठवडाच हाफकिन यांचा सगळ्यात भक्कम साक्षीदार होता. तरी त्याचं म्हणणं ऐकायला जवळजवळ पाच वर्षं गेली.

१९०७ साली मलेरिया डासांमुळे पसरतो हे दाखवणारे रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र छापून हा अन्याय चव्हाट्यावर आणला, तेव्हा कुठे ठपका पुसला गेला. हाफकिन कलकत्त्याला परतले. परळची प्रयोगशाळा मात्र त्यांना परत मिळाली नाही. १९२५ मध्ये तिला त्यांचं नाव दिलं गेलं, तेव्हा ते युरोपात होते. पाच वर्षांनी लोझानमध्ये त्यांचं निधन झालं.