रेझोल्यूट ते ग्रीस फियॉर्ड: अर्ध्या तासात पोहोचत नाही!

कॅनडाच्या नुनावुत प्रदेशातल्या या दोन इनुइट (आर्क्टिकमधल्या मूळ रहिवाशांच्या) वस्त्या. 2021 च्या जनगणनेत एकीची लोकसंख्या 183, दुसरीची 144. मध्ये रस्ता नाही, त्यामुळे जाणंयेणं विमानानं. हवाई अंतर साधारण 380 किलोमीटर, म्हणजे मुंबई-गोव्यापेक्षा थोडं कमीच. नकाशावर ते कितीतरी जास्त दिसतं, कारण भिंतीवरचे नेहमीचे नकाशे 75 अंश उत्तरेला जवळजवळ चौपट ताणलेले असतात. हे बहुतेकांना माहीत असतं, म्हणून तिथे थांबत नाही.

खरा घोळ वेळेचा आहे. अंतर सांगणाऱ्या वेबसाइट खाली 'उड्डाणाचा वेळ' म्हणून एक आकडा ठोकून देतात आणि लोक तो जसाच्या तसा पुढे पाठवतात. जेट विमानाचा ताशी 800 किलोमीटर वेग धरला की 380 किलोमीटरला 28 मिनिटं येतात. गणित बरोबर, विमान चूक! ग्रीस फियॉर्डची धावपट्टी खडीची आणि जेमतेम 510 मीटर लांब, एका बाजूला डोंगर, दुसरीकडे समुद्र. तिथे जेट उतरूच शकत नाही. उतरतं ते ट्विन ऑटर: दोन पंख्यांचं, जास्तीत जास्त 19 प्रवाशांचं, थोडक्या जागेत थांबणारं. त्याचा वेग ताशी 270 धरा. झाले एक तास चोवीस मिनिटं.

तेही वारा पडलेला असेल तर. समोरून ताशी 60 किलोमीटरचा वारा आला, तर जेटच्या त्या अर्ध्या तासात दोन मिनिटांची भर पडते. ट्विन ऑटरचा वेग मात्र 210 वर येतो आणि प्रवास एक तास एकोणपन्नास मिनिटांचा होतो. तोच वारा पाठीशी असेल तर एक तास नऊ मिनिटं. अंतर तेच, विमान तेच, फरक चाळीस मिनिटांचा. म्हणून विमानाचं नाव न सांगता दिलेल्या वेळेवर माझा काडीचा विश्वास नाही.

या चुकीला घड्याळही साथ देतं, आणि माणसं फसतात ती इथे. रेझोल्यूट मध्य प्रमाणवेळ पाळतं, ग्रीस फियॉर्ड पूर्व प्रमाणवेळ, म्हणजे एक तास पुढे. समजा, रेझोल्यूटहून 10 वाजता निघालात, तर ग्रीस फियॉर्डला घड्याळात 12:24 वाजलेले असतील. परतताना 1 वाजता निघून उतराल तेव्हा रेझोल्यूटला 1:24. परतीच्या या वेळा पाहून लोक म्हणतात, "बघा, चोवीस मिनिटंच लागतात, वेबसाइट बरोबर आहे." दोन चुका एकमेकींना दुजोरा देतात आणि मग समजावून सांगणाराच खोटा ठरतो! दोन्ही वेळा एकाच घड्याळात आणा, मगच वजाबाकी करा.

आणि हा सगळा नुसता हवेतला वेळ. इथे रोज विमान नसतं, आणि धुकं किंवा आडवा वारा असला की आहे तेही रद्द होतं. कुणी 'पोहोचायला किती वेळ?' असं विचारलं, तर दीड तास हे उत्तर देऊ नये. हाताशी दोनतीन दिवस मोकळे ठेवा, असंच सांगावं, विशेषतः पुढचं विमान पकडायचं असेल त्याला.