झोक्याला वजन कळत नाही

मे २०२४ मध्ये न्यूयॉर्क आणि डब्लिन या दोन शहरांत रस्त्यावर एकेक भलामोठा गोल पडदा उभा राहिला. इकडचं दृश्य तिकडे, तिकडचं इकडे, सगळं थेट; आवाज मात्र नाही. काही दिवसांतच तिथे वाह्यात हावभाव सुरू झाले आणि पडदे तात्पुरते बंद करावे लागले. ‘तंत्रज्ञान माणसं तोडतं’ म्हणणाऱ्यांच्या हाती आयतंच उदाहरण आलं.

मला हा निष्कर्ष पटत नाही. यंत्र आहे की नाही यापेक्षा, ते माणसाला करायला काय देतं हे पाहायला हवं. त्या पडद्यासमोर हात हलवला की काम संपतं. शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाशी तुमचा काही संबंध येत नाही.

आता माँट्रियलचं उदाहरण घ्या. कॅनडातल्या या शहरात २०११ साली एका संस्थेने रस्त्यालगत २१ झोपाळे ओळीने टांगले. झोपाळा हलला की त्यातून सूर निघतो. पण काही सुरावटी एकट्याने कितीही जोर लावला तरी निघत नाहीत. आजूबाजूच्यांशी जुळवून झोके घेतले, तरच त्या ऐकू येतात. म्हणजे अर्धं वाद्य तुमच्याकडे आणि अर्धं शेजाऱ्याकडे.

यासाठी झोपाळाच का निवडला असेल? मला यातला सगळ्यात सुंदर भाग इथेच दिसतो. झोपाळा म्हणजे शाळेतला लंबक. एका पूर्ण झोक्याला लागणारा वेळ, म्हणजे दोलनकाल, लंबकाच्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. दोन मीटर लांबीला तो सुमारे २.८ सेकंद येतो. तो दुप्पट करायचा तर लांबी चौपट करावी लागेल. या सूत्रात वस्तुमान कुठेच नाही. जड माणसाला गुरुत्वाकर्षण जास्त जोराने ओढतं हे खरं, पण त्याला हलवायलाही तेवढाच जास्त जोर लागतो, त्यामुळे हिशेब फिटतो. जाड माणसाचा झोका संथ चालतो हा समज म्हणूनच चुकीचा. सारख्या लांबीच्या दोन झोपाळ्यांवर आजोबा आणि सहा वर्षांची नात बसली, तरी दोघांचे झोके जवळपास एकाच चालीने जातात. नात उभी राहिली तर मात्र फरक पडतो. तिचा गुरुत्वमध्य, म्हणजे शरीराचं वजन जिथे एकवटलंय असं धरतात तो बिंदू, वर सरकतो, लंबकाची लांबी जणू कमी होते आणि झोका जलद होतो. ताल धरण्यासाठी ना वय लागतं, ना ताकद, ना संगीताचं शिक्षण. ते काम दोराची लांबीच करते.

‘जवळपास’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. दोलनकाल आयामावर, म्हणजे झोका मध्यापासून किती दूर जातो यावर, अवलंबून नसतो, असं आपण शाळेत शिकतो. ते छोट्या झोक्यांपुरतंच खरं आहे. झोका मध्यापासून ४५ अंशांपर्यंत गेला, तर दोलनकाल सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, २.८४ चा २.९५ सेकंद होतो. फरक किरकोळ वाटतो, पण तो दर झोक्याला साचत जातो. एक जण हळुवार झुलतोय आणि दुसरा उंच जातोय, अशा वेळी दोघांनी एकत्र सुरुवात केली तरी बारा-तेरा झोक्यांनंतर एक पुढच्या टोकाला असतो, तर दुसरा मागच्या. पाऊण मिनिटही लागत नाही. मग सुरावट टिकवायची कशी? शेजाऱ्याकडे पाहायचं. त्याचा झोका केवढा आहे याचा अंदाज घेऊन आपला जोर कमी-जास्त करायचा. भौतिकशास्त्र दोघांना जवळ आणून सोडतं, आणि शेवटची चार टक्के तफावत त्यांना एकमेकांकडे बघूनच भरून काढावी लागते. झोपाळ्यांची हालचाल टिपणारे संवेदक आणि ध्वनिवर्धक इतकंच करतात, की हे जुळणं कानांना ऐकवतात.

इथे एक इशारा द्यायला हवा. लय जुळण्याचा विषय निघाला की ‘ऊर्जालहरी’ आणि ‘व्हायब्रेशन्स’ विकणारे लगेच पुढे येतात. दाखला ठरलेला: डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्सने १६६५ मध्ये पाहिलं, की शेजारी टांगलेल्या दोन घड्याळांचे लंबक आपोआप एका तालात येतात. निरीक्षण खरंच आहे. पण ती घड्याळं एकाच आधारावर टांगलेली होती आणि त्या आधारातून सूक्ष्म हादरे इकडून तिकडे पोचत होते. माणसांच्या बाबतीत हे काम डोळे आणि कान करतात. त्यासाठी कोणत्याही अदृश्य वलयाची गरज नाही, आणि असं वलय कुणी मोजलेलंही नाही.

लय जुळल्यावर माणसं खरोखर जवळ येतात का, हे तपासता येतं. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या ताल-चेन राबिनोविच आणि अँड्र्यू मेल्टझॉफ यांचा २०१७ चा प्रयोग झोपाळ्यांवरच केलेला आहे. चार वर्षांच्या मुलांच्या जोड्या केल्या. काही जोड्या एका लयीत झुलवल्या, काही वेगवेगळ्या लयीत, आणि काहींना झोकाच दिला नाही. नंतर प्रत्येक जोडीला दोघांनी मिळून करायची कामं दिली. त्यातलं एक होतं, दोघांनी एकाच क्षणी बटण दाबणं. एका लयीत झुललेल्या जोड्यांना ही कामं लवकर जमली. त्यांच्यातली मुलं बटण दाबण्याआधी हात वर करून जोडीदाराला ‘आता दाबतोय’ अशी खूण करताना जास्त दिसली.