तुळशीचं उरलेलं पाणी जेडला नको
गोव्यातल्या घरी सक्युलंट सांभाळणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

मेलेलं सक्युलंट, म्हणजे जाड पानांत किंवा खोडात पाणी साठवणारं झाड, हातात घेऊन रोपवाटिकेत येणाऱ्यांमध्ये ‘पाणी घालायला विसरलो’ म्हणणारे क्वचितच. बहुतेकांची तक्रार एकच: ‘अहो, रोज न चुकता पाणी घालत होते, तरी गेलं!’ तरी नव्हे, म्हणूनच गेलं.

मागे एक बाई जेड नावाचं सक्युलंट घेऊन आल्या. दोन वर्षं छान वाढलेलं झाड, आणि एकाएकी खोड बुंध्याशी मऊ पडलेलं. त्या स्वतः आठवड्यातून एकदाच पाणी घालायच्या, मातीही आम्हीच भरून दिलेली. बोलता बोलता उलगडा झाला. सासूबाई रोज सकाळी तुळशीला पाणी घालतात आणि तांब्याच्या तळाशी उरलेलं घोटभर पाणी, टाकायचं कशाला, म्हणून शेजारच्या जेडला. रोज एक घोट. तेवढं पुरलं.

तेव्हापासून रोप देताना आम्ही आधी हेच सांगतो: घरात सक्युलंटला पाणी घालणारं माणूस एकच ठरवा. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घर पाहुण्यांनी भरलं की हे जास्तच कटाक्षानं पाळा. हात रिकामे असलेलं कुणीतरी कुंड्यांना पाणी घालतंच, आणि प्रेमानं घालतं.

पाणी आत असतं

सक्युलंटची पानं किंवा खोड जाड असतं, कारण तीच त्याची टाकी. आणखी एक युक्ती यांतल्या बहुतेक झाडांकडे आहे. इतर झाडं पानांवरची रंध्रं दिवसा उघडतात. ही दिवसा मिटून घेतात आणि रात्री उघडतात. लागणारा कार्बन डायऑक्साइड रात्रीच भरून ठेवायचा आणि दिवसा उन्हात वापरायचा, म्हणजे भर दुपारी पानातलं पाणी उडून जात नाही. कोरड्या मुलखासाठी ही तजवीज फार हुशारीची आहे. पण आपल्याकडे जुलैतली रात्रीची हवाच पाण्यानं भरलेली असते. पानातून पाणी उडत नाही आणि कुंडीतूनही उडत नाही. मुळं ओल्या चिखलात बसून राहतात, त्यांना हवा मिळत नाही, मग बुरशी लागते.

म्हणूनच ‘दर आठ दिवसांनी एक कप पाणी’ असले आकडे आम्ही देत नाही. पुण्याच्या किंवा बंगळूरच्या गच्चीवर जे चालतं ते पणजीच्या नदीकाठच्या फ्लॅटमध्ये चालेलच असं नाही, आणि जे पणजीत चालतं ते डोंगराकडच्या वाळपईला चालत नाही.

कुंडी उचलून बघा

आकड्याऐवजी हात वापरा. नवीन रोप नेलंत की एकदा पूर्ण पाणी द्या, निथळू द्या आणि कुंडी उचला. ते वजन हाताला लक्षात ठेवा. पुढे अधूनमधून उचलत जा. कुंडी रिकाम्यासारखी हलकी लागली की पाण्याची वेळ जवळ आली. मोठी कुंडी उचलत नसेल तर उदबत्तीची जळलेली काडी मातीत तळापर्यंत खुपसून दहा मिनिटं ठेवा. काडीला ओल किंवा माती चिकटली तर थांबा.

पाणी द्याल तेव्हा मात्र भरपूर द्या, खालच्या भोकातून वाहेपर्यंत. चमचा-चमचा शिंपडणं वाईट, त्यानं वरची माती ओली आणि खालची मुळं उपाशी. पानांच्या गाभ्यात पाणी साठू देऊ नका. खालच्या ताटलीतलं पाणी ओतून टाका, झाडासाठी आणि डेंग्यूच्या डासांसाठीही.

साधारण अंदाज हवाच असेल तर: मार्च ते मे उन्हातल्या लहान कुंडीला आठवड्यातून एकदा लागू शकतं, हिवाळ्यात दहा-पंधरा दिवसांनी. जून ते सप्टेंबर बहुतेक रोपांना जवळजवळ नाहीच. पान सुरकुतलेलं आणि माती खडखडीत, दोन्ही असेल तरच थोडं, तेही सकाळी.

मिरगाआधी

गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. आमच्या पहिल्या वर्षीची फजिती सांगतो. एचेवेरियाचे, म्हणजे त्या कमळासारख्या दिसणाऱ्या रोपांचे, चार ट्रे आम्ही हिरव्या शेडनेटखाली ठेवले आणि निश्चिंत झालो. शेडनेट ऊन अडवतं, पाऊस नाही. उलट जाळीवर थेंब जमतात आणि जाड होऊन नेमके रोपाच्या गाभ्यात पडतात. चवथ येईतो चारही ट्रे रिकामे.

तेव्हा पावसाळ्याची बेगमी करता तशीच जूनच्या पहिल्या आठवड्यात, मिरग लागायच्या आधी, कुंड्या छपराखाली घ्या. बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, ठेवणार असाल तर कठड्यावर नको. तिथे झड येते आणि वरून पावळीचं पाणी पडतं. भिंतीकडच्या बाजूला, कठड्यापासून दोन-तीन हात आत ठेवा. फ्लॅटमध्ये खिडकीच्या ग्रिलवर प्लास्टिकचा पत्रा असेल तरी तिरपा पाऊस आत येतोच, त्यामुळे खिडकीच्या आतली बाजू बरी.

छप्पर मिळालं म्हणजे काम झालं नाही. हवा हलली पाहिजे. कुंड्या एकमेकींना चिकटवून मांडू नका, मधे चार बोटं अंतर सोडा. ज्या खोलीत दिवसभर पंखा फिरतो ती खोली सक्युलंटला बंद काचेच्या खिडकीपेक्षा मानवते. ग्राहकांना हे ऐकून हसू येतं, पण आम्ही स्वतः पावसाळ्यात शेडमध्ये दोन टेबलफॅन लावतो.

मातीच्या कुंडीवर बाहेरून हिरवं शेवाळ धरेल. त्यानं बिघडत नाही. गोगलगायींनी मात्र बिघडतं. रात्री टॉर्च घेऊन कुंडीच्या बुडाशी बघा, तिथेच बसलेल्या असतात.

पाऊस सरला की अनेकांची दुसरी चूक होते. चार महिने सावलीत असलेलं रोप ऑक्टोबरच्या कडक उन्हात एकदम बाहेर. दोन दिवसांत पानांवर पांढरट-तपकिरी डाग, आणि ते डाग पुन्हा जात नाहीत. आठवडाभर फक्त सकाळचं ऊन, मग हळूहळू जास्त.

माती: आमची आणि विकतची

परराज्यातून येणारी बहुतेक रोपं निव्वळ कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, लावलेली असतात. ट्रकमध्ये हलकं पडतं म्हणून. कोकोपीट पावसाळ्यात आठवडे ओलं राहतं आणि मे महिन्यात एकदा पूर्ण सुकलं की पाणी पीत नाही, वरचं पाणी कडेनं घसरून खाली जातं. दुसरीकडून आणलेलं रोप असेल तर उपटून बघा. कधी कधी मुळांभोवती कापडासारखी बारीक जाळी असते, ती कापून काढा.

आपली तांबडी माती एकटी वापरू नका. ओली असताना चिकट, सुकली की वीट. आम्ही एक भाग माती आणि शेणखत मिळून घेतो, आणि दोन भाग भरड: बारीक खडी, विटांचे तुकडे, थोडा कोळसा. चिऱ्याचा चुरा चालतो, तो पाणी शोषतो आणि सोडतो, पण आधी चाळून धुवा. त्याचं पीठ खाली बसून कुंडीचं भोक बुजतं. किनाऱ्यावरची वाळू आणू नका. त्यात मीठ असतं, आणि दोन-चार वेळा धुतली तरी भरवसा नाही.

कुंडी मातीची, न रंगवलेली, रोपापेक्षा जेमतेम दोन बोटं रुंद. डिचोलीच्या कुंभारांकडची साधी कुंडी महागड्या सिरॅमिकपेक्षा या हवेत सरस, कारण ती अंगातून पाणी सोडते. काचेचं भांडं, खाली भोक नाही, वर रंगीत खडे चिकटवलेले, असली भेटवस्तू कितीही सुंदर दिसली तरी आम्ही ठेवत नाही. लग्नाच्या ऑर्डरीही त्यापायी गेल्या आहेत. असं भांडं भेट आलं असेल तर चिकटवलेले खडे फोडून काढा आणि रोप दुसऱ्या कुंडीत हलवा. निवडुंगावर रंगीत फूल दिसलं तर एकदा हलकेच ओढून बघा, सुकवलेलं फूल गोंदानं चिकटवलेलं असू शकतं.

कुंडी बदलायची ती पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. नाहीतर फेब्रुवारीत. पावसात कधीच नाही.

इथे काय जगतं

पहिल्यांदाच घेत असाल तर स्नेक प्लांट, कोरफड, किंवा जेड घ्या. बाजारात जेड या एका नावाखाली दोन झाडं मिळतात. एक खरं जेड, क्रॅसुला, जाड लंबगोल पानांचं. दुसरं पोर्टुलाकारिया, बारीक गोल पानं आणि लालसर काड्यांचं. त्याच्या मूळ प्रदेशात, दक्षिण आफ्रिकेत, हत्ती ते खातात. आपल्या हवेत दुसरं जास्त चिवट, आणि आमच्याकडे बहुतेक तेच असतं.

घरात ऊन नसेल तर हॉवर्थिया. लहान, पांढऱ्या पट्ट्यांची, सावली चालवून घेणारी. तिला ओळखणारे कमी आणि आमची मात्र सर्वांत लाडकी.

अडेनियम अंगणातलं झाड, त्याला सहा तास ऊन पाहिजे. थंडीत ते पानं गाळतं आणि इथेच घोटाळा होतो. मेलं समजून लोक पाणी वाढवतात. फुगीर बुंधा अंगठ्यानं दाबा. टणक असेल तर झाड झोपलं आहे, त्याला झोपू द्या. मऊ, दबणारा असेल तर मात्र आतून कुजलंय.

वर लाल किंवा पिवळा गोळा आणि खाली हिरवा दांडा असलेलं निवडुंग मुलांना आवडतं. वरच्या गोळ्यात हरितद्रव्य नाही, तो खालच्या कलमाच्या दांड्यावर जगतो. काही वर्षांचा पाहुणा म्हणूनच घ्या.

एचेवेरिया आम्ही नोव्हेंबर ते एप्रिल विकतो, पावसाळ्यात नाही. ती मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली, तिला रात्रीचा गारवा लागतो. लिथॉप्स, ते दगडासारखं दिसणारं, आमच्याकडे मिळणार नाही. वर्षाला ५०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही अशा भागातलं ते झाड, आणि आपल्याकडे एकट्या जुलैत त्याहून कितीतरी जास्त पडतो. मागणी बरीच असते, पण जे जगणार नाही ते विकून काय करायचं?

रोप काय सांगतंय

पान सुरकुतलं, पातळ आणि लवचीक झालं: तहान. पान फुगलेलं, पिवळसर, आरपार दिसणारं, नुसत्या स्पर्शानं गळणारं: पाणी जास्त. सगळ्यात खालची पानं कागदासारखी सुकत असतील तर ते वयानं, काढून टाका. रोप लांबोळकं होऊन पानं विरळ झाली तर उजेड कमी पडतोय. पानांवरची पांढुरकी पावडर धूळ समजून पुसू नका, ते झाडाचं उन्हापासूनचं कवच आहे आणि बोटाचा ठसा तिथे तसाच राहतो.

एका ठिकाणी फसगत होते. पान सुरकुतलेलं, पण माती ओली. म्हणजे मुळंच कुजली आहेत, पाणी आहे पण वर चढत नाही. इथे लोक आणखी पाणी घालतात आणि उरलंसुरलं रोप जातं. असं दिसलं तर त्याच दिवशी उपटा. धुतलेल्या धारदार सुरीनं खोड वरून खाली नव्हे, खालून वर थोडं थोडं कापत जा, दर वेळी सुरी पुसून. काप आतून एकसारखा हिरवट-पांढरा दिसला, तपकिरी ठिपका उरला नाही, की थांबा. उरलेला शेंडा पंख्याखाली, मातीशिवाय, आठवडाभर तसाच ठेवा. जखम सुकून खपली धरली की कोरड्या मातीवर टेकवा. मुळं फुटेपर्यंत पाणी नाही.

पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली की तिथे ते असणारच. कापसाचा बोळा सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुंजका पुसा, संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. आठवड्यानं पुन्हा, कारण अंडी उरतात. ते रोप इतरांपासून लांब ठेवा.

शेर, काटेरी युफोर्बिया या झाडांचा पांढरा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. गेला तर भरपूर पाण्यानं धुवा आणि डॉक्टरांकडे जा. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर कलांचो हे सक्युलंट उंचावर ठेवा, खाल्लं तर त्यांना विषारी आहे.

आमच्याकडे परत आणताना

रोप बिघडलं तर घेऊन या, बघण्याचे पैसे नाहीत. कुंडी आणि मातीसकट आणा, नुसतं रोप नको. निम्मं उत्तर मातीत असतं. मोबाइलवरच्या फोटोवरून मुळं दिसत नाहीत. येण्याआधी पाणी घालून ताजंतवानं करून आणू नका. नेल्यापासून महिन्याच्या आत मुळात दोष निघाला तर रोप बदलून देऊ. पाण्यानं गेलं असेल तर बदलून मिळणार नाही, पण वाचण्यासारखा शेंडा असेल तर तुमच्यासमोर कापून, सुकवायला आमच्याकडे ठेवून घेऊ. तीन-चार आठवड्यांनी मुळं फुटली की न्यायला या, आणि येताना घरातल्या पाणी घालणाऱ्या माणसालाही सोबत आणा.