स्वतःच्या धंद्यासाठी भाड्याचा गाळा परत मिळवायचाय? दावा कुठे अडतो ते आधी वाचा

"गाळा आपला, मुलाला दुकान टाकायचंय, मग भाडेकरूनं सोडायला काय हरकत?" असं म्हणत येणारे मालक बहुतेक वेळा एक वर्ष चुकीच्या दारात घालवून आलेले असतात.

लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली म्हणून सक्षम प्राधिकाऱ्याकडे (लायसन्स संपलेल्या जागेचा ताबा मिळवून देणारा सरकारी अधिकारी) अर्ज करतात आणि तो परत येतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम २४ फक्त राहत्या जागेसाठी आहे. दुकानाच्या गाळ्याचा लिव्ह अँड लायसन्स करार संपला असेल तर मुंबईत लघुवाद न्यायालयातच (स्मॉल कॉजेस कोर्टात) जावं लागतं. हे अर्ज घेतानाच सांगायला काय जातं, कोण जाणे!

दुसरी गोष्ट, भाडेकरू कोण आहे ते बघा. बँका, सरकारी महामंडळं, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी किंवा जास्त भरणा झालेलं भागभांडवल असलेल्या कंपन्या यांना हा भाडे नियंत्रण कायदा लागूच होत नाही. तिथे गरज सिद्ध करायची नसते. महिना-महिना भाडेपट्टा असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ प्रमाणे १५ दिवसांची नोटीस देऊन दावा करता येतो. बाकी जुन्या भाडेकरूंसाठी, म्हणजे किराणावाला, शिंपी, सलूनवाला यांच्यासाठी, भाडे नियंत्रण कायद्याचं कलम १६(१)(जी): मालकाची वाजवी आणि प्रामाणिक गरज.

नोटिशीचा घोळ तर कायमचा. ९० दिवसांची नोटीस थकबाकीच्या दाव्याला लागते, कलम १५ खाली. स्वतःच्या गरजेच्या दाव्याला नाही. भाडे कायद्याखालच्या दाव्याआधी भाडेपट्टा संपवणारी नोटीस लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी १९७९ मध्येच सांगितलंय. तरी एक साधं पत्र स्पीड पोस्टानं पाठवा, पुढे पुरावा म्हणून कामी येतं.

कागदांत मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), कराची पावती, गाळ्याचा नकाशा हे नेहमीचंच. अडतं ते मूळ भाडेकरारावर. आजोबांनी साठ वर्षांपूर्वी तोंडी दिलेल्या गाळ्याचा करार कुठून आणणार? घाबरू नका, भाडेपावत्यांच्या स्थळप्रती (पावतीपुस्तकात आपल्याकडे राहिलेल्या प्रती) शोधा. एका आजींनी बिस्किटांच्या डब्यातून पावतीपुस्तकं आणली होती. डबा गंजलेला, पण प्रत्येक पावतीवर भाडेकरूची सही. करारापेक्षा भक्कम पुरावा. मिळकत पत्रिकेवर अजून आजोबांचंच नाव असेल तरी सहमालकांपैकी एकाला दावा करता येतो, बाकीच्यांचा विरोध नसला म्हणजे झालं.

आता खरी मेख. "मुलाला व्यवसाय करायचा आहे" एवढ्या एका ओळीवर दावा टाकू नका. कोणता धंदा, तो कोण करणार, सध्या तो काय करतो, पैसा कुठून येणार, हाच गाळा का, हे सगळं दाव्यात लिहा. मुलाची गरज ही मालकाचीच गरज धरली जाते आणि त्या धंद्याचा आधी अनुभव असायलाच हवा असंही नाही. पण उलटतपासणीत एका मुलाला "मोबाइल दुरुस्तीला कोणती अवजारं लागतात?" असं विचारल्यावर त्यानं मागे बसलेल्या वडिलांकडे पाहिलं. वकिलाला आणखी काय हवं होतं?

दुसरा रिकामा गाळा लपवणं तर त्याहून वाईट. तो तुमच्या धंद्याला का चालत नाही (मागच्या गल्लीत आहे, पोटमाळ्यावर आहे) हे स्वतःच लिहा. समोरच्यानं नगरपालिकेचा उतारा आणून दाखवला की तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

गरज पटली तरी कलम १६(२) उरतं: ताब्याचा हुकूमनामा (कोर्टाचा आदेश) दिला तर भाडेकरूला जास्त त्रास, की नाकारला तर मालकाला? भाडेकरूनं दुसरी जागा शोधली का, हा इथे कळीचा प्रश्न असतो. म्हणून दावा टाकायच्या आधीच आसपासच्या रिकाम्या गाळ्यांची यादी करून ठेवा, भाड्यासकट. अर्ध्या जागेनं तुमचं भागत असेल तर कोर्ट तेवढ्यापुरताच हुकूमनामा देऊ शकतं. दोन शटरच्या गाळ्यात हे लक्षात ठेवा.

अपिलाची मुदत ३० दिवस. मुंबईत ते लघुवाद न्यायालयाच्याच दोन न्यायाधीशांपुढे, इतरत्र जिल्हा न्यायालयात. अपिलात हुकूमनाम्याला स्थगिती मागणाऱ्या भाडेकरूला बाजारभावानं रक्कम भरायला लावता येते, ते मागायला विसरू नका. आणि कंटाळून कुलूप तोडू नका हो. भाडेकरूनं सहा महिन्यांत दावा केला तर मालकी न बघता ताबा त्याला परत मिळू शकतो.

ताबा मिळाल्यावर लोक निवांत होतात. कलम १७ वाचा: एका महिन्यात गाळा वापरात आणला नाही, किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला भाड्यानं दिला, तर जुना भाडेकरू १३ महिन्यांच्या आत अर्ज करून जागा परत मागू शकतो. त्यामुळे सुतार आणि वीजजोडणीची सोय आधीच लावून ठेवा, आणि शॉप अ‍ॅक्टची नोंदणी, पहिल्या मालाची बिलं तारखेसकट फायलीत लावा.