टॅक्सीचालकांचा स्वयंरोजगार (मुंबई)

मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी किंवा अ‍ॅपवरची कॅब चालवणारे बहुसंख्य चालक कुणाचे पगारी नोकर नसतात. सरकारदरबारी ते स्वयंरोजगारी ठरतात, त्यामुळे भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा यांपैकी काहीच त्यांच्या वाट्याला येत नाही. ‘स्वतःचा धंदा, स्वतःच मालक’ हे या कामाचे नेहमीचे वर्णन जेमतेम अर्धे खरे आहे.

टॅक्सी रस्त्यावर आणायला गाडी, परमिट आणि चालकाचा बॅच (बिल्ला) लागतो. तिन्ही एकाच्याच नावावर असतील तर तो मालक-चालक. ज्याच्याकडे फक्त बॅच आहे तो दुसऱ्याची गाडी शिफ्टवर घेतो. ठरलेली रक्कम मालकाला द्यायची, गॅस आपल्या खिशातून भरायचा आणि उरेल ती आपली कमाई. गिऱ्हाईक मिळाले नाही, पावसाने रस्ते तुंबले, तरी मालकाचे पैसे चुकत नाहीत. म्हणजे पाळीचे पहिले काही तास हा माणूस मालकासाठी आणि सीएनजी पंपासाठी गाडी चालवतो. धंद्यातला तोटा त्याचा, पण धंद्याची साधने त्याची नाहीत.

भाव ठरवणेही त्याच्या हातात नाही. मीटरचे भाडे परिवहन प्राधिकरण ठरवते. ऑक्टोबर २०२२ मध्ये पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे २५ वरून २८ रुपये झाले; ते ३१ रुपये व्हायला फेब्रुवारी २०२५ उजाडला. मधल्या काळातल्या महागाईचा भार चालकाने सोसला. भाडे सरकारने ठरवणे प्रवाशाच्या हिताचे आहे, यात शंका नाही. पण दुकानदारासारखा तो आपल्या मालाचा भाव वाढवू शकत नाही, हेही त्याला ‘स्वतंत्र व्यावसायिक’ म्हणताना ध्यानात घ्यायला हवे.

गाडीचे आयुष्यही नियमाने बांधलेले असते. मुंबईत टॅक्सीची वयोमर्यादा २० वर्षे आहे. त्याच नियमाने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटची प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. शहराने तिला हळहळून निरोप दिला. मालक-चालकासाठी मात्र जुनी गाडी जाणे म्हणजे नव्या कर्जाचा हप्ता.

कामाचे तास कमाईवर ठरतात. मोटार वाहतूक कामगारांसाठीच्या १९६१ च्या कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता. एकट्या टॅक्सीवाल्यापर्यंत तो पोचलाच नाही. बारा तास एका जागी बसून कंबर आणि गुडघे धरतात. स्टँडजवळ स्वच्छतागृह नसेल तर लघवी तुंबवून ठेवावी लागते, म्हणून कित्येक जण पाणीच कमी पितात. गावाकडून आलेले, शहरात धड खोली नसलेले काही चालक गाडीतच झोपतात. जवळचे भाडे नाकारणे बेकायदा आहे आणि प्रवाशाचा संताप रास्त आहे. पण विमानतळाच्या रांगेत दोन-तीन तास काढलेल्या माणसाला जवळचेच भाडे मिळाले, तर त्याची निम्मी पाळी वाया जाते.

अ‍ॅप कंपन्या चालकाला ‘पार्टनर’ म्हणतात. भाडे, कमिशन आणि रेटिंगचे निकष कंपनी ठरवते. तिने आयडी ब्लॉक केला की त्या दिवसापासून काम बंद. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी उबरच्या खटल्यात नेमके हेच नियंत्रण पाहिले आणि करारात काहीही लिहिलेले असो, चालक कंपनीचे ‘वर्कर’ आहेत, असे ठरवून त्यांना किमान वेतन व भरपगारी रजेचा हक्क दिला. भारतात २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने वेगळी वाट धरली. ‘प्लॅटफॉर्म कामगार’ असा निराळा वर्ग करून तिने कंपन्यांना वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कल्याण निधीत भरायला सांगितले. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिने चालकांना कर्मचारी मात्र मानलेले नाही.

काळ्या-पिवळ्याच्या चालकामागे अशी कंपनीही नाही. असंघटित कामगार म्हणून तो ई-श्रम पोर्टलवर नाव नोंदवू शकतो. वाहन विम्यातले १५ लाखांचे सक्तीचे वैयक्तिक अपघात कवच नोंदणीकृत मालक स्वतः गाडी चालवत असेल तरच लागू होते. शिफ्टवर चालवणाऱ्याचे नाव त्यात नसते. २०२१ च्या निर्बंधांत राज्य सरकारने रिक्षावाल्यांना १,५०० रुपयांची मदत जाहीर केली तीही परवानाधारकांनाच. दुसऱ्याच्या परमिटवर रिक्षा चालवणारा त्या यादीबाहेर राहिला.