सोलापुरात डोंगर नाही, मग फेल रनिंगची, म्हणजे डोंगरात पळण्याची, तयारी किती करायची?

आपल्याकडे पळणाऱ्यांचे रूट ठरलेले, पार्क मैदान, सिद्धेश्वर तलावाची बाजू, नाहीतर विजापूर रोड, आणि सगळं सपाट. ग्रुपमधल्या एकाने डोंगरातल्या लांब रेसला नाव दिलंय आणि तो रोज मला एकच विचारतो, आठवड्याला किती किलोमीटर करू? मला वाटतं इथे किलोमीटर मोजून भागतच नाही.

उत्तर इंग्लंडमध्ये डोंगराला फेल म्हणतात. तिथलं सगळ्यात मानाचं चॅलेंज म्हणजे बॉब ग्रॅहम राउंड, 24 तासांत 42 शिखरं, साधारण 106 किलोमीटर आणि एकूण चढ जवळपास 8,200 मीटर. आपल्या कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची उंची 1,646 मीटर, म्हणजे तिच्या पाचपट चढायचं आणि तेवढंच उतरायचं पण. बॉब ग्रॅहमने 1932 मध्ये हे 23 तास 39 मिनिटांत केलं, नंतर 28 वर्षं कुणालाच जमलं नाही.

आता 106 ला 24 ने भागून बघा, तासाला साडेचार किलोमीटरसुद्धा येत नाही, हा तर चालायचा स्पीड झाला! खड्या चढावर सगळे चालतातच, गुडघ्यावर हात देऊन. म्हणून प्रॅक्टिस मोजायची ती किती तास पायावर होतो आणि किती मीटर चढलो-उतरलो यात.

त्यातही खरी गोम उतारात आहे. चढताना दम लागतो, हार्ट रेट वाढतो, शरीर स्वतःच सांगतं की हळू घे. उतरताना दम लागत नाही म्हणून सोपं वाटतं, पण पाऊल टेकलं की मांडीचा पुढचा स्नायू ब्रेकसारखं काम करतो, म्हणजे आवळलेला असतानाच ताणला जातो, आणि असं हजारो वेळा झालं की त्याच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते. दुखणं त्या दिवशी फारसं नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. मीही पहिल्यांदा सिंहगडावरून पळत उतरलो तेव्हा हेच झालं होतं, तेव्हा रोज दहा किलोमीटर पळत होतो तरी.

चांगली गोष्ट अशी की एकदा उताराचा मार बसला की स्नायू त्यातून शिकतो, दोन-तीन आठवड्यांनी तोच उतार केला तर दुखणं बरंच कमी असतं आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. नुसतं सपाट पळून ते मिळत नाही.

मग सोलापुरात काय करायचं, तर जिने. चार मजली बिल्डिंग, एक मजला तीन मीटर धरला तर एका फेरीत 12 मीटर, 25 फेऱ्या केल्या की 300 मीटर. आणि कृपा करून खाली येताना लिफ्ट घेऊ नका, बरेच जण घेतात, जी गोष्ट शिकायचीय तीच त्यात निघून जाते. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा पुरे, तीन आठवडे वाढवायचं, चौथ्याला कमी करायचं, कारण दम महिन्या-दोन महिन्यांत सुधारतो पण टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि हाडं तयार व्हायला बराच जास्त वेळ लागतो, बहुतेक दुखापती याच फरकातून होतात. दोन-तीन आठवड्यांतून एकदा तुळजापूरचा घाट किंवा सिंहगड, चार-पाच तास, आणि त्यात खायची पण प्रॅक्टिस, कारण शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा साधारण 2,000 कॅलरींचाच, तो काही तासांत संपतो. कडक भाकरी-शेंगा चटणी घरी आल्यावर, वाटेत केळं, गूळ, खजूर.

उन्हाळ्यात हिशोब वेगळा. चाळीसच्या वर पारा असताना त्याच स्पीडला हृदय जास्त धडधडतं, म्हणून घड्याळ सोडून द्यायचं, बोलता बोलता पळता येईल एवढंच. दहा-चौदा दिवसांत रक्तातला पातळ भाग वाढतो, घाम लवकर सुटतो, शरीर सरावतं. पण दुपारी मुद्दाम पळू नका.

आणि किती तास? माझ्या मते नोकरी करणाऱ्याला आठवड्याला सहा ते आठ तास, सहा महिने न चुकता, हे दोन महिन्यांत पंधरा-पंधरा तास कोंबण्यापेक्षा लाखपट बरं. सकाळी उठल्यावर पाय जड, झोप नीट नाही, चिडचिड, असं चार दिवस चाललं तर जास्त झालंय समजायचं.

शेवटचे दोन आठवडे पळणं निम्म्यावर आणायचं, वेग तोच ठेवायचा. शेवटचा जोरदार उतार रेसच्या दोन आठवडे आधी, म्हणजे दुखणं जाऊन संरक्षण तेवढं शिल्लक राहतं.