खिळ्यावरची पिशवी ते दहा रुपयांची कागदी बॅग: मुंबईतल्या प्लास्टिकबंदीमागची गोष्ट

बाजारात कारवाईची गाडी फिरून गेली की आमच्या भाजीवाल्या मावशी हमखास विचारतात, "परत बंदी आली का हो?" त्यांचं चुकत नाही, कारण गेल्या पंचवीसेक वर्षांत पिशव्यांवर इतके नियम आले, बदलले, सैल झाले आणि परत आवळले की आज नक्की काय चालतं ते दुकानदारालाही सांगता येत नाही आणि गिऱ्हाईकालाही नाही. म्हणून म्हटलं एकदा सगळं सुरुवातीपासून लिहून काढू.

सुरुवात म्हणजे प्लास्टिकच्या आधीची मुंबई. चाळीतल्या खोलीत दाराच्या मागे एक खिळा असायचा, त्याला जुन्या साडीची किंवा पॅन्टच्या कापडाची शिवलेली पिशवी, शेजारी ती रंगीत वायरची विणलेली, आणि मासळीची पिशवी वेगळी, ती बाहेर गॅलरीत टांगलेली, तिला घरात जागा नाही. तेल आणायला किटली न्यायची. वाण्याकडे डाळ-साखर वर्तमानपत्राच्या पुडीत मिळायची आणि वर छताला टांगलेल्या रिळाचा दोरा खाली ओढून वाणी ती पुडी अशी गुंडाळायचा की घरी येईपर्यंत एक दाणा सांडायचा नाही, तो दोरा आई परत गुंडाळून डब्यात ठेवायची. आरेचं दूध काचेच्या बाटलीत यायचं, वर अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचं झाकण, आणि रिकामी बाटली धुवून परत दिल्याशिवाय दुसरी मिळायची नाही. हे सगळं पर्यावरणासाठी वगैरे नव्हतं, वस्तू महाग होत्या आणि पिशवी फुकट कोणी देत नव्हतं एवढंच. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो कारण पुढचं सगळं त्या 'फुकट'भोवतीच फिरतं.

आज आपण जिला झबला म्हणतो, म्हणजे बाळाच्या झबल्यासारखी दोन कान असलेली पिशवी, ती मूळची स्वीडनची. सेलोप्लास्ट नावाच्या कंपनीतले इंजिनिअर स्टेन गुस्टाफ टुलीन यांचं ते डिझाईन, १९६५ साली पेटंट मिळालं. एका नळीसारख्या पॉलिथिनला खाली-वर सील मारायचं आणि वरचा भाग कापून टाकायचा की झाले हातात धरायचे बंद तयार, शिलाई नाही, चिकटवणं नाही, त्यामुळे प्रचंड स्वस्त. आपल्याकडे भाजीवाल्यापर्यंत ती सरसकट पोचली साधारण नव्वदच्या दशकात आणि मग दहा-पंधरा वर्षांत दारामागचा खिळा रिकामा झाला, इतकी ती सोय मोठी होती. पावसात वर्तमानपत्राची पुडी विरघळायची, मासळीचं पाणी गळायचं, हे सगळे प्रश्न एका झटक्यात संपले. लोक आळशी झाले म्हणून प्लास्टिक आलं असं कोणी म्हटलं की मला पटत नाही.

आता हे 'मायक्रॉन मायक्रॉन' काय प्रकरण आहे. केंद्राचा पहिला नियम १९९९ चा, त्यात पिशवीची जाडी किमान २० मायक्रॉन हवी असं आलं. एक मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. जाडीवर नियम का, तर दुकानदाराला झबला नगावर नाही, किलोवर मिळतो. पिशवी जितकी पातळ तितक्या एका किलोत जास्त, म्हणजे एक पिशवी जवळजवळ फुकटच पडते. जाडी दुप्पट केली की किलोत निम्म्याच बसतात, दुकानदाराला देताना हात आखडावा लागतो. शिवाय जाड पिशवी कचरावेचकांना उचलायला परवडते, भंगारात वजन भरतं, ती धारावीतल्या रिसायकलिंगच्या धंद्यापर्यंत पोचते. पातळ झबला कोणी उचलत नाही कारण शेकडो गोळा केल्या तरी हातात काही पडत नाही, म्हणून या पातळ पिशव्या गटारातच राहतात. म्हणजे विचार चांगला होता, फक्त तो भाजीच्या गाडीवर तपासणार कसा? मावशींकडे काय मायक्रोमीटर आहे?

मग आला २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस, शहर बुडालं, माणसं गेली, आणि पाणी ओसरल्यावर प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी आणि मिठी नदीच्या काठाला पिशव्यांचे थर दिसले. त्या दिवशीचा सगळा दोष पिशव्यांवर टाकणं मात्र चूक आहे. मुंबईची पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था जुनी, तासाला २५ मिलीमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेली, ती वाढवायचा अहवाल, ब्रिमस्टोवॅड नावाचा, १९९३ पासून पडून होता, मिठीच्या पात्रात भराव आणि बांधकामं होती, आणि वरून भरती. पण डोळ्यांना दिसलं ते प्लास्टिक. शेजारचा बांगलादेशही अशाच अनुभवातून गेलेला, १९८८ आणि १९९८ च्या पुरांनंतर तिथे गटारं तुंबण्याचं खापर पिशव्यांवर फुटलं आणि २००२ मध्ये पातळ पिशव्यांवर देशभर बंदी आली, जगात असं करणारा तो पहिला देश.

आपल्याकडे पुरानंतर थोड्याच दिवसांत राज्य सरकारने सरसकट बंदी जाहीर केली, पण २००६ चे नियम आले तेव्हा ती ५० मायक्रॉनवर आणि ८ बाय १२ इंचांवर येऊन थांबली, म्हणजे त्याहून पातळ किंवा लहान पिशवी नको. केंद्राने २०११ ला ४० मायक्रॉन केलं आणि त्याच नियमांत एक फार महत्त्वाची ओळ घातली, की दुकानदाराने कॅरीबॅग फुकट द्यायची नाही. मॉलमधल्या काउंटरवर "बॅग चाहिए क्या?" हा प्रश्न रुळायला मोठा हात या ओळीचा. २०१६ च्या केंद्राच्या नियमांत ५० मायक्रॉन झालं, शिवाय पिशव्या देणाऱ्या दुकानदाराने नोंदणी करून महिन्याला किमान ४००० रुपये भरायचे असंही होतं. चार हजार! रस्त्यावरचा भाजीवाला हे कुठून भरणार होता, २०१८ च्या दुरुस्तीत ते कलम गेलंच.

त्याच वर्षी, २३ मार्च २०१८ ला, महाराष्ट्राची मोठी अधिसूचना निघाली, रामदास कदम तेव्हा पर्यावरणमंत्री. यावेळी मायक्रॉनचा प्रश्नच नाही, कुठल्याही जाडीची कॅरीबॅग बंद, मग तिला धरायला कान असोत वा नसोत, थर्माकोलची ताटं-वाट्या बंद, प्लास्टिकचे चमचे बंद. असलेला माल संपवायला तीन महिने दिले आणि २३ जूनपासून कारवाई. दंड पहिल्यांदा ५०००, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. तो आठवडा आठवतोय का? मटणवाल्याकडे लोक स्टीलचे डबे घेऊन रांगेत, कोळणी विचारतायत मासे कशात देऊ, इडलीवाल्याने चटणी देणंच बंद केलं, आणि बचतगटांच्या बायकांना पहिल्यांदा शेकड्यांनी कापडी पिशव्यांच्या ऑर्डरी. मला तो आठवडा खरंच आवडला होता, ट्रेनमध्ये प्रत्येकाच्या खांद्याला कापडी पिशवी दिसत होती. पण जून संपायच्या आत किराणा दुकानांतल्या पॅकिंगला, ५० मायक्रॉनच्या वरच्या, अटी घालून सूट मिळाली. दुधाच्या पिशवीवर ५० पैसे आणि पाण्याच्या बाटलीवर रुपया-दोन रुपये परत देण्याचीही तरतूद होती, आमच्या गल्लीत मात्र ते पैसे मी कधी कोणाच्या हातात पडलेले पाहिले नाहीत. वाईट वाटतं, कारण आरेची बाटली परत देणारी पिढी अजून आपल्यातच आहे आणि तिला हे समजावून सांगावं लागलं नसतं.

बंदीनंतर प्लास्टिकच्या जागी दोन गोष्टी आल्या. एक म्हणजे ती कापडासारखी दिसणारी पिशवी, साडीच्या दुकानात, मिठाईवाल्याकडे मिळते ती. तिला नॉन-वूवन म्हणतात आणि ती पॉलिप्रॉपिलीनची असते, म्हणजे प्लास्टिकच. कोपऱ्याला काडी लावून बघा, कापडासारखी राख न होता वितळते. २०१८ च्या बंदीत तिचंही नाव होतं, पुढे २०२२ च्या अखेरीला ६० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला ६० ग्रॅम वजनाच्या, वरची चालेल असं झालं. घरोघरी लोक तिला कापडी समजून जपून ठेवतात, चार वेळा वापरली की ती फाटते आणि तिचे धागे सुटतात.

दुसरी गोष्ट, कागदी बॅग, आणि तिचे पैसे. गंमत अशी की फुकट देऊ नका हा नियम होता प्लास्टिकसाठी, पण प्लास्टिक गेल्यावरही काउंटरवरचे पैसे तसेच राहिले. एप्रिल २०१९ मध्ये चंदीगडच्या ग्राहक मंचासमोर बाटाची केस आली, बुटांच्या कागदी पिशवीचे ३ रुपये लावले होते आणि पिशवीवर कंपनीचीच जाहिरात. मंचाने ३ रुपये परत द्यायला लावलेच, शिवाय भरपाई, खर्च आणि कायदेशीर मदतीच्या खात्यात भरायची रक्कम धरून सगळं मिळून ९००० च्या आसपास कंपनीला पडलं. मग २२ डिसेंबर २०२० ला राष्ट्रीय ग्राहक आयोगाने बिग बझारच्या प्रकरणात सांगितलं की बॅगचे वेगळे पैसे पडणार आहेत हे गिऱ्हाईकाला खरेदीच्या आधी कळलं पाहिजे, पैसे भरायच्या वेळी काउंटरवर अचानक सांगणं ही अनुचित प्रथा आहे. मला हे एकदम पटतं. मागच्या पावसाळ्यात एका मॉलमधल्या दुकानात दाराशी वॉचमनने माझी कापडी पिशवी बाहेर ठेवायला लावली, आत खरेदी झाल्यावर कागदी बॅगचे दहा रुपये घेतले, आणि बाहेर पडून रिक्षा मिळेपर्यंत तिचा तळ भिजून शर्ट रस्त्यावर. जुलैतल्या मुंबईत कागद हा उपाय कोणाला सुचतो? आणि वर्तमानपत्राच्या पुडीकडे परत जाऊ म्हणावं तर तेही नाही, छपाईची शाई अन्नात उतरते म्हणून एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०१६ मध्येच सावध केलं होतं आणि २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला मनाईच आहे.

मधे कोविडची दोन वर्षं गेली, सगळं पॅक हवं झालं, झबला परत आला. केंद्राने ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ मायक्रॉन, ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन आणि १ जुलै २०२२ पासून स्ट्रॉ-चमचे वगैरे एकदा वापरून फेकायच्या वस्तूंवर देशभर बंदी आणली. म्हणजे २० पासून १२० पर्यंत आलो, तरी भाजीच्या गाडीवर गोणपाटाखाली दडवलेला झबला आहे तिथेच आहे.

का आहे, याचं उत्तर मला दादरला संध्याकाळी सात वाजता मिळतं. पूर्वी बाई घरातून निघून बाजारात जायची, हातात पिशवी घेऊनच. आता लोकलमधून उतरलेली, खांद्याला ऑफिसची पर्स आणि डबा अडकवलेली बाई जिना उतरता उतरता मेथीची जुडी दिसली म्हणून थांबते, खरेदी ठरवलेली नसते, पिशवी नसते, आणि मावशीने पिशवी नाही म्हटलं तर ती पुढच्या गाडीवर जाते. मावशीला पाच हजाराची भीती आहेच, पण गिऱ्हाईक रोज जाण्याची भीती त्याहून मोठी आहे. तामिळनाडूने डिसेंबर २०२१ मध्ये जुन्या पिवळ्या कापडी पिशवीची, मंजपैची, मोहीम सुरू केली आणि चेन्नईच्या कोयंबेडू मार्केटात दहा रुपयांत कापडी पिशवी देणारं मशीन ठेवलं, म्हणजे जिथे गरज पडते नेमकी तिथेच. मला तसं काहीतरी दादरच्या, अंधेरीच्या, कुर्ल्याच्या जिन्याच्या पायथ्याशी हवंय, बचतगटाने शिवलेली पिशवी, दहा-वीस रुपये डिपॉझिट, दुसऱ्या दिवशी त्याच जिन्याने जाताना परत द्यायची आणि पैसे घ्यायचे, अगदी आरेच्या बाटलीसारखं.